भेगाळलेली जमीन आणि रिचर्ड्सचे समीकरण

पाऊस उघडल्यावर रानात चिखल राहिलेला नाही आणि धूळही उडत नाही, मातीच्या पोकळ्यांत पाणी आहे आणि हवाही आहे, अशा अवस्थेला आपला शेतकरी वापसा म्हणतो. पेरणी, कोळपणी, वखरणी सारे त्यावर ठरते. मृदाशास्त्राच्या भाषेत ही असंपृक्त मातीची एक अवस्था. अशा मातीत पाणी कसे सरकते हे सांगणारे जगभर वापरले जाणारे गणिती प्रारूप म्हणजे रिचर्ड्सचे समीकरण. ते काळ्या जमिनीला कितपत लागू पडते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

फ्रान्समधील दिजाँ येथे हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या स्तंभातून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. ती वाळू पाण्याने पूर्ण भरलेली होती. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये पुढचे पाऊल टाकले. अर्धवट ओल्या मातीत पाण्याला गुरुत्वाकर्षणाबरोबर मातीची ओढही खेचते आणि मातीची वहनक्षमता ओलाव्यानुसार बदलते, हे त्यांनी दाखवले. लोरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये या नियमाला वस्तुमानाच्या अक्षय्यतेची जोड देऊन समीकरण सिद्ध केले. हवामानाचे गणित मांडणाऱ्या लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या १९२२ च्या ग्रंथात तेच सूत्र आधी आले होते, म्हणून काही अभ्यासक दोघांचीही नावे त्याला जोडतात.

या समीकरणाचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. माती सुकत गेली की मोठ्या पोकळ्या आधी रिकाम्या होतात, आणि पाण्याला बारीक, वळणावळणाच्या वाटा तेवढ्या उरतात. म्हणून ओलावा निम्मा झाला की वहनक्षमता निम्मी होत नाही. ती शेकडो, हजारो पटींनी घटते. कोरड्या वाळूपेक्षा कोरडी चिकणमाती पाणी अधिक वाहू शकते, हे वरवर उलटे वाटणारे सत्य या मांडणीतून सहज उलगडते. व्हॅन गेनुख्तेन यांनी १९८० मध्ये दिलेल्या सूत्रांमुळे तर मातीचा सारा स्वभाव पाच-सहा आकड्यांत मांडता येऊ लागला, आणि संगणकाचे काम सुकर झाले.

अडचण आहे ती गृहीतकांत. समीकरणाच्या नेहमीच्या रूपात माती जागची हलत नाही, आणि एका खोलीवरच्या सगळ्या पोकळ्यांत पाण्याची ओढ सारखीच असते. दख्खनच्या बेसॉल्टवरची काळी माती ही दोन्ही गृहीतके मोडते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गाची चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला दोन-चार सेंटिमीटर रुंदीच्या, हातभर किंवा त्याहून खोल भेगा पडतात. मृगाचा जोरदार पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. वरची ढेकळे आतून कोरडीच असतात आणि तळ मात्र भिजलेला असतो. समीकरण सांगते, ओल वरून थराथराने उतरेल; जमीन त्याचा क्रमच उलटा करते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन तासाला एखाद्या मिलिमीटरहूनही कमी पाणी मुरू देते.

यावर प्रारूपकारांचा नेहमीचा उपाय म्हणजे आकडे जुळवणे. वहनक्षमता हवी तेवढी वाढवली की मुरलेल्या पाण्याची बेरीज प्रत्यक्षाशी जुळते. पण बेरीज जुळली म्हणजे वाट जुळली असे नाही. प्रयोगशाळेतल्या मोजमापाचीही मर्यादा आहे. काही सेंटिमीटर व्यासाच्या नळीत जो नमुना येतो तो ढेकळाचा असतो. भेग रानातच राहते.

ही चूक केवळ पुस्तकी नाही. पृष्ठभागावर टाकलेला युरिया पहिल्या जोरदार सरीबरोबर भेगेतून मुळांच्या खाली जाऊ शकतो, तर ढेकळाच्या आत आधीपासून असलेले नत्र जागचे हलतही नाही. सरासरी आकड्यांवर चालणारे प्रारूप दोघांना एकाच मापाने खाली ढकलते. अशा प्रारूपावरून कोणी खताची वेळ सांगितली, तर नुकसान शेतकऱ्याचे आणि दूषित होणारे पाणी गावच्या विहिरीचे.

शास्त्राने याकडे डोळेझाक केली असे म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियात जॉन फिलिप यांनी १९६९ मध्ये फुगणाऱ्या मातीतील प्रवाहाचे गणित मांडले. बेव्हन आणि गेरमान यांनी १९८२ मध्ये मोठ्या पोकळ्यांतून होणाऱ्या वहनाकडे लक्ष वेधले. गेर्के आणि व्हॅन गेनुख्तेन यांनी १९९३ मध्ये ढेकूळ व भेग यांना दोन स्वतंत्र पण परस्परांशी देवघेव करणारी माध्यमे मानले. मात्र अशा प्रारूपांना जास्त आकडे लागतात, आणि ते मिळवायचे तर रानात जावे लागते. म्हणून सोयीपोटी जुनेच रूप वापरले जाते.

रिचर्ड्सचे समीकरण टाकून द्यावे असा याचा अर्थ नाही. श्रावणात भेगा मिटल्यावर ते काळ्या जमिनीतही बऱ्यापैकी चालेल. नदीकाठच्या पोयट्याच्या जमिनीत तर खुशाल वापरावे. आक्षेप आहे तो त्याच्या परीक्षेच्या पद्धतीवर. मुरलेल्या पाण्याची बेरीज जुळली की प्रारूप उत्तीर्ण, ही पद्धत बदलायला हवी. पहिल्या पावसानंतर रंगीत पाणी सोडून जमीन उभी कापावी, ओल कुठवर आणि कोणत्या वाटेने गेली ते पाहावे, आणि त्या चित्राशी संगणकाचे उत्तर ताडून बघावे. वापसा आला की नाही हे शेतकरी मूठभर माती हातात घेऊन ठरवतो. तिच्याविषयी सल्ला देणाऱ्या गणितानेही निदान एकदा तिच्या भेगेत डोकावलेले असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.