सोमवारी विषय, रविवारी चित्र

लंडनच्या उपनगरातल्या आपल्या मराठी मंडळाचा चित्रगट कसा सुरू झाला, हे सभासदांना नव्याने सांगायला नको. टाळेबंदीत मंडळाचा बालवर्ग बंद पडला आणि तो घेणाऱ्या ताईंनी दर सोमवारी संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक विषय टाकायला सुरुवात केली. पोस्टकार्डाएवढा कागद, पेन्सिल नाहीतर शाई, आणि रविवारपर्यंत चित्र. एक आठवडा इतिहासाचा, पुढचा सिनेमा-कॉमिक्सचा. ‘पानिपताची रसद’ झाली की ‘टिनटिन दादरला उतरतो’. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने 2009 मध्ये ‘इंकटोबर’ सुरू केलं. त्यात ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचं असतं. लंडनच्या या उपनगरात तीच हौस आठवड्याच्या बेताने बाराही महिने चालू आहे.

नेमून दिलेल्या विषयावर, ठरल्या मुदतीत चित्र काढणं मराठी घराला परकं नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कथाचित्रं अशीच छापखान्याच्या घाईत केली. आज मंडळात आई-बाबा असलेली पिढी त्या अंकांवर आणि 1967 साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’वर वाढली. मुलांच्या वह्यांमधल्या घोड्यांच्या माना कुठून आल्या, ते त्यामुळे चटकन कळतं.

लंडनमध्ये राहण्याचा फायदाही गटाने पुरेपूर उचलला. ‘वाघनखं’ हा विषय निघाला तेव्हा बहुतेक मुलांनी पाच नखं काढली. ताईंच्या जोडीने गट सांभाळणाऱ्या काकांनी त्यांच्यापुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या वाघनखांचा फोटो ठेवला: पट्टीवर चार नखं, दोन्ही टोकांना एकेक अंगठी. ती वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती. ती शिवरायांचीच, असं ठामपणे सांगता येत नाही, हे संग्रहालय स्वतःच म्हणतं आणि काकांनी तेही मुलांपासून लपवलं नाही. जुलै 2024 मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला. ‘पद्मपाणी’च्या आठवड्यात काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीत जळाल्या. वाचलेल्या याच संग्रहालयात आहेत. परक्या गावात आपल्या माणसांच्या हातची रेघ जपलेली आहे, हे कळल्यावर मुलं एरवीपेक्षा किती तरी जास्त वेळ कागदावरून उठली नाहीत.

आणि मग गणेशोत्सवातली ती संध्याकाळ! ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. रंगमंचावर डफ-तुणतुण्यावर ‘आग्र्याहून सुटका’ चाललेली, मागे भिंतीला पांढरा कागद, आणि हातात जाड कुंचला घेतलेली चित्रगटातली एक पंधरा वर्षांची मुलगी. सगळ्यांना वाटलं, आता जिरेटोप येणार. तिने सुरुवात केली पायांपासून. भोयांच्या पोटऱ्या, वाकलेले गुडघे, मग खांद्यांवरचे बांबू आणि त्यांना टांगलेले मिठाईचे पेटारे. चेहरे नावापुरते. पोवाडा संपत आला तरी महाराज कुठे दिसेनात, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी न राहवून विचारलं, ‘‘अगं पोरी, महाराज कुठायत?’’ तिच्याआधी एक पाच-सहा वर्षांचा मुलगाच खुर्चीवर उभा राहून एका पेटाऱ्याकडे बोट दाखवत ओरडला, ‘‘त्यात! तोच बांबू जास्त वाकलाय!’’ सभागृहात टाळ्या थांबेनात. ताईंचे डोळे भरून आले होते. दर आठवड्याला विषय का द्यायचा, याचं एवढं नेमकं उत्तर कार्यकारिणीच्या कुठल्याही बैठकीत मिळालं नसतं.

ताई आणि काका नसते तर यातलं काहीही घडलं नसतं. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो, तरी काका गाडीत बोर्ड, शाईच्या बाटल्या आणि फरसाणाचे डबे घालून येतातच. ताईंनी गटाचं प्रत्येक चित्र मागे विषय लिहून जपून ठेवलं आहे. अशी माणसं मंडळाला पुन्हा मिळतील का, हा प्रश्न उगाच पडत नाही.

काळजी आहेच. इतिहासाच्या आठवड्याला कागद निम्म्यावर येतात. स्पायडरमॅनच्या आठवड्याला मात्र टेबल पुरत नाही. रविवारची मुदत आता बुधवारपर्यंत सरकली आहे. विषय आधी इंग्रजीत आणि मग मराठीत लिहिला जातो. टॅब्लेटवर काढलेली चित्रं चालवून घेतली, ते ठीकच झालं. काही मुलांचा हात त्यावर छान बसला आहे. पण आता संगणकाकडून आयतं करवून घेतलेलं चित्रही येऊ लागलं आहे, आणि त्याला ठाम नकार द्यायला हवा. त्या चित्रात बांबू वाकेलही, पण तो का वाकला हे मुलाला ठाऊक नसेल. जीसीएसई परीक्षेचं वर्ष आलं की मुलं गळतात, त्यातली फार थोडी परततात. यात पालकांचाही वाटा आहे. मुलाने आठवड्याला तासभर शाईत हात काळे केले म्हणून कुणाचे गुण घसरत नाहीत, हे घरात कुणीतरी म्हणायला हवं. त्याहून बरं म्हणजे आई-बाबांनी शेजारी बसून स्वतःही एक चित्र काढावं; गटाला वयाची अट कधीच नव्हती.

येत्या सोमवारचा विषय आहे ‘अहिल्याबाईंचा घाट’. त्यापुढचे विषय सुचवायला आणि ताईंच्या हाताखाली चित्रांची नोंद ठेवायला दोन तरुण सभासद हवे आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी दिवाळीआधी ताईंकडे नाव द्यावं.