विज्ञानकथेतले चुकलेले शब्द
‘शंभर प्रकाशवर्षांपूर्वी या ग्रहावर एक संस्कृती नांदत होती’, या धर्तीचे वाक्य मराठी विज्ञानकथांत अधूनमधून भेटते. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे: प्रकाश वर्षभरात कापतो ते सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ही चूक अज्ञानातून येते तशी बोलीतूनही येते. विरार किती लांब, असे वसईत कुणालाही विचारा. ‘गाडीने दहा-बारा मिनिटांवर’ हेच उत्तर मिळेल. ‘अवकाश’ या शब्दात तर सवड आणि पोकळी दोन्ही सुखाने नांदतात. तरीही ही चूक पोटात घालता येत नाही. ताऱ्यांमधले अफाट अंतर हाच अशा कथेतला अडसर असतो. तोच नाहीसा झाला तर नायकाने झगडायचे कशाशी?

‘यंत्रमानवा’चे तसे नाही. कारेल चापेकच्या १९२० मधल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून ‘रोबो’ जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आणि नाटकातले रोबो लोखंडाचे नव्हतेच, कृत्रिम जीवद्रव्याचे होते. मूळ धरून बसायचे तर आपला यंत्रमानव चुकीचा ठरतो. पण अर्थ सरकला आणि कुठल्याही कथेचे त्यात बिघडले नाही. असा पालट मराठीला नवा नाही. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे चुकते करणे या अर्थाचे क्रियापद, आपल्याकडे ते नाम झाले. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला; पगार मात्र कुणी परत पाठवला नाही.

खरी गुंतागुंत ‘कृष्णविवरा’त आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवलेल्या कथेचे हेच शीर्षक. शब्द डौलदार, पण विवर म्हणजे बीळ, भोक. या प्रतिमेने नंतरच्या काही लेखकांना खड्ड्यात ओढले. त्यांचे कृष्णविवर दूरदूरचे सारे गिळत सुटते. वास्तविक सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी आपल्या कक्षेतच फिरत राहील. इथे लेखकांनी शब्दाचा अर्थ बदललेला नाही, शब्दानेच त्यांची कल्पना वाकवली आहे. कोशात दुरुस्ती करून हे सुटणारे नाही. अंधारात, गारठलेली, तरी नेमाने फिरत राहणारी पृथ्वी हा त्या खादाड राक्षसापेक्षा कितीतरी चांगला कथाविषय होता.