पेटणारा नळ आणि न दिसणारे सिमेंट

जॉश फॉक्स यांचा ‘गॅसलँड’ हा अमेरिकन माहितीपट २०१० साली आला. सनडान्स महोत्सवात त्याला ज्यूरीचे खास पारितोषिक मिळाले, पुढच्या वर्षी ऑस्करसाठी नामांकनही झाले. शेल खडक पाण्याच्या दाबाने तडकवून वायू काढण्याचे तंत्र, म्हणजेच ‘फ्रॅकिंग’, सामान्य माणसाला ठाऊक झाले ते बव्हंशी या माहितीपटामुळे. हा माहितीपट वर्गात दाखवावा का, असे शिक्षक विचारतात. दाखवावा, असेच आम्ही म्हणू. पण त्यातले सर्वांत गाजलेले दृश्य आले की यंत्र थांबवावे.

ते दृश्य असे. कोलोरॅडो राज्यातील एका घरात एक गृहस्थ स्वयंपाकघरातला नळ सोडतात, धारेजवळ लायटर धरतात आणि भपकन ज्वाळा उठते. आसपास वायुविहिरी आहेत, हे आपल्याला आधीच सांगितलेले असते. प्रेक्षक दोन्ही गोष्टी आपण होऊन जोडतो: खाली खडक फोडला, वायू पाण्यात शिरला. दिग्दर्शकाला निराळे काही सिद्ध करावेच लागत नाही.

या जोडणीत कच्चा दुवा कोणता, हे कळायला तंत्र नीट समजले पाहिजे. चांगल्या वालुकाश्मात वायू असेल तर नुसती विहीर खणली तरी तो वर येतो. शेल म्हणजे दबून घट्ट झालेला चिखल. त्यात छिद्रे असतात, छिद्रांत वायूही असतो; पण एका छिद्रातून दुसऱ्यात जायला वाट जवळजवळ नसतेच. त्याची पारगम्यता वालुकाश्माच्या लाखो पटींनी कमी भरते. म्हणून विहीर खोलवर नेऊन शेलच्या थरात आडवी वळवतात, तिच्या पोलादी नळीला स्फोटकांनी भोके पाडतात आणि पंपांनी पाणी रेटतात. त्या खोलीवर खडकाला ज्या दिशेने सर्वांत कमी ताण असतो, त्यावर पाण्याच्या दाबाने मात केली की खडक उलतो. खोलवर हा किमान ताण बहुधा आडवा असतो, म्हणून भेग उभी पडते. पंप थांबताच ती मिटली असती; पण पाण्याबरोबर गेलेली वाळू फटीत अडकून तिला उघडी धरते. फट असते काही मिलिमीटरांची. तरीही आता वायूला विहिरीपर्यंतचे शेकडो मीटर अंतर त्या घट्ट खडकातून झिरपत कापायचे नसते. जवळच्या भेगेपर्यंत पोचला की पुरे. उत्पादन वाढते ते यामुळे. १९४७ साली कॅन्ससमधील ह्यूगोटन क्षेत्रात पहिला प्रयोग झाला तेव्हा घट्ट केलेले पेट्रोल वापरले होते आणि उत्पादन फारसे वाढले नव्हते! शेलमधून वायू परवडेल अशा खर्चात निघू लागला तो १९९८ च्या सुमारास, टेक्ससच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल यांच्या कंपनीने पातळ पाण्याचा प्रयोग केल्यानंतर.

मग हे भेगांचे जाळे घराच्या कूपनलिकेपर्यंत पोचते का? भेगा पडताना होणारे अतिसूक्ष्म भूकंप मोजून त्यांची उंची काढता येते. अशा हजारो मोजणींचे एक संकलन २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यातली सर्वांत उंच भेग सुमारे ५८८ मीटर वर गेली होती. शेल दीड-दोन किलोमीटर खाली असेल तर मध्ये भरपूर खडक उरतो.

कोलोरॅडोच्या शासकीय यंत्रणेने माहितीपटातील तीन घरांच्या पाण्याची तपासणी केली होती. दोन ठिकाणचा मिथेन जैविक निघाला. जीवाणूंनी तयार केलेला, म्हणजे आपल्या गोबरगॅसचाच भाऊ. तिसऱ्या ठिकाणी मात्र जैविक आणि खोल खडकातला असे मिश्रण होते. हा फरक कार्बनच्या समस्थानिकांवरून ओळखतात: जीवाणूंच्या मिथेनमध्ये कार्बन-१३ कमी असतो आणि त्याच्यासोबत ईथेन, प्रोपेन जवळजवळ नसतात. त्या भागातल्या भूजलात मिथेन असल्याची नोंद १९७६ च्या सरकारी अहवालातही होती. हे माहितीपटात येत नाही. पुढे जाहीरपणे विचारले गेले तेव्हा फॉक्स यांनी ती बाब गैरलागू ठरवली. आमच्या मते ती बाब तर मुळाशीच होती.

यामुळे नुकसान कोणाचे झाले? वायू कंपन्यांचे मुळीच नाही. ‘नळ खोटा, म्हणजे तक्रारही खोटी’ असे म्हणायची आयती सोय त्यांना मिळाली. आणि खरी तक्रार तर याच माहितीपटात होती! फॉक्स पेनसिल्व्हेनियातील डिमॉक या गावी जातात. तेथे १ जानेवारी २००९ रोजी एका घराची कूपनलिका स्फोटाने उडाली होती. तेथील पाण्यात कंपनीच्या विहिरींमुळे वायू शिरला, असे राज्याच्या पर्यावरण खात्याने त्याच वर्षी ठरवले. २०२२ साली कंपनीने न्यायालयात आरोप लढवायचे नाकारले आणि गावासाठी पाण्याच्या वाहिनीचा खर्च मान्य केला. वाट कोणती होती? भूजलाच्या थरातून जाताना पोलादी नळीभोवती सिमेंट भरतात. ते नीट बसले नाही, तर वरच्या थरांतला वायू नळीच्या कडेने चढतो. भेगांचा यात संबंध नसतो. २०१४ साली उदासीन वायूंच्या मोजमापांवरून केलेल्या संशोधनाचा निष्कर्षही हाच होता. पण सिमेंटमधली पोकळी कॅमेऱ्यात पेट घेत नाही.

रसायनांबाबतही तेच. ५९६ रसायनांचा आकडा ऐकताना ती सगळी एकाच विहिरीत ओतली जातात असे वाटते. ही एकंदर यादी आहे. एका विहिरीत साधारण डझनभर घटक असतात. मात्र २००५ च्या ऊर्जा कायद्याने डिझेल वगळता ही सर्व द्रव्ये पेयजल कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली, हा फॉक्स यांचा आक्षेप बिनतोड आहे, आणि तो लोकांपुढे आणल्याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

२०१३ सालच्या दुसऱ्या भागात फॉक्स सिमेंटकडे वळतात. विहिरींच्या नळ्या आणि सिमेंट कसे निकामी होते, हे कॉर्नेल विद्यापीठाचे अँथनी इंग्राफिया त्यात समजावून देतात. वर्गात तास एकच मिळणार असेल, तर नळाच्या दृश्यानंतर लगेच हा तुकडा दाखवावा. मधल्या वेळात मुलांना फळ्यावर भूजल आणि शेल यांमधले अंतर प्रमाणात काढायला सांगावे: किलोमीटरला पन्नास सेंटिमीटर धरले, तर ते अंतर फळ्याच्या उंचीचा बराचसा भाग व्यापेल.