इनामगावचा प्रमुख : पुरावा किती, अंदाज किती?

हिंगोलीत बसून आपण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं पुस्तक का वाचायचं? कारण आपल्या गावांच्या जुन्या पांढरीकडं कसं पाहायचं, हे महाराष्ट्राला ज्या मोजक्या उत्खननांनी शिकवलं, त्यांतलं हे एक. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खणलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली आला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेलं शेतकऱ्यांचं हे गाव. नुसता उभा खड्डा न घेता आडवं, ऐसपैस खणलं, म्हणून घराशेजारचं घर दिसलं. हे श्रेय निर्विवाद आहे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. पूर्व जोर्वे काळातलं पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार. उत्तर जोर्वे काळात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष. इतर प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले, याचे मात्र शाबूत. यावरून ढवळीकर गावाला वंशपरंपरागत प्रमुख होता असं म्हणतात. आता बघा, कोठार होतं म्हणजे साठा होता, एवढं पक्कं. पण तो साठा त्या घराचा, की सगळ्या गावाचा आणि घर फक्त राखणदाराचं? विटामातीवरून हे ठरत नाही. एका माणसाला वेगळा मान मिळाला, हे मान्य. तो मान बापाकडून आला, हे एका रांजणावरून कसं ठरवणार?

दुसरा मुद्दा कारागिरांचा. कुंभार, चुना भाजणारा यांची घरं गावाच्या कडेला, म्हणून त्यांचा दर्जा खालचा, असं वाचलं जातं. अहो, भट्टी गावाच्या मधोमध कोण लावेल? धूर आणि आगीची भीती हेही कारण असू शकतं. तसंच पाटाचं. पाट काढायला हुकूम देणारा लागतोच असं नाही. खानदेशातल्या फड पद्धतीत शेतकरीच पाण्याच्या पाळ्या लावत आले.

यात धोका काय? पाटील मध्ये आणि बलुतेदार कडेला, हे आपल्या ओळखीचं चित्र आपण तीन हजार वर्षं मागं नेऊन ठेवतो आणि मग म्हणतो, बघा, हे पहिल्यापासूनच असं होतं. विषमता इनामगावात असेलही. पण ती मातीतून सिद्ध व्हावी, आपल्या सवयीतून नव्हे.