दाद देणे आणि दाद मागणे : ‘बनगरवाडी’, ‘बोध’ आणि शिक्षकाचा गौरव

प्रास्ताविक

‘दाद’ हा शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला. फारसीत त्याचा अर्थ न्याय. मराठीत त्याला दोन वाटा फुटल्या. गवयाला आपण दाद देतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो दरबारात दाद मागतो. शिक्षकाच्या बाबतीत या दोन वाटा एकमेकींपासून फार दूर गेल्या आहेत. शिक्षकदिनी सभागृहात त्याला दाद दिली जाते. नेमणूक, वेतन आणि बदली यांसाठी मात्र त्याला वर्षभर कचेरीत दाद मागावी लागते. हे अंतर साहित्यात कसे उमटले आहे आणि धोरणाने त्यापासून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी आणि प्रेमचंदांची ‘बोध’ ही कथा निवडली आहे.

‘बनगरवाडी’ : पटावर न येणारे काम

औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीत तरुण मास्तर रुजू होतो. शाळा आहे, पण मुले मेंढरांमागे रानात. मास्तर घरोघर जाऊन मुले गोळा करतो. पुढे तो लोकांची पत्रे लिहितो, त्यांच्या अडचणी सोडवतो, तंट्यांत मध्यस्थी करतो. त्याच्या पुढाकाराने गाव श्रमदानातून तालीम उभी करते आणि राजा तिच्या उद्घाटनाला येतो. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू अशी माणसे हळूहळू त्याची होतात. ही कादंबरी मास्तर स्वतः सांगतो, तरी तिच्यात त्याची बढाई नाही. त्याची नजर सतत गावावर असते. त्याची थोरवी आपल्याला कळते ती गावाच्या वागण्यावरून.

समीक्षकांनी या कादंबरीतील माणदेश, बोली आणि व्यक्तिचित्रे यांची पुष्कळ चर्चा केली आहे. शिक्षकाच्या अंगाने पाहिले तर तिचा शेवट अधिक बोलका ठरतो. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर जातात. शाळेत मूल उरत नाही आणि मास्तरांनाही वाडी सोडावी लागते. कचेरीला शाळा दिसते ती पटसंख्येतून. आणि पट शून्य झाला की मास्तरांचे सगळे कामही शून्य होते. तालीम, पत्रे, मिटलेले तंटे यांना कोणत्याच रजिस्टरात रकाना नसतो.

‘बोध’ : समाधानाची मर्यादा

प्रेमचंद स्वतः शिक्षक होते, शाळांचे निरीक्षकही होते. १९२१ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. ‘बोध’मधील पंडित चंद्रधर हे शाळेचे शिक्षक. त्यांचे एक शेजारी पोलिसांत, दुसरे तहसील कचेरीत. दोघांनाही वरकमाई आहे. पंडितजी मनातून खंतावलेले असतात. अयोध्येच्या यात्रेत मात्र पारडे फिरते. ज्यांना या शेजाऱ्यांनी नाडले ते लोक वाटेत भेटतात आणि उट्टे काढतात. पंडितजींचा जुना विद्यार्थी मात्र साऱ्यांचे आदराने स्वागत करतो. त्यानंतर पंडितजी आपल्या पेशाबद्दल कधी कुरकुर करीत नाहीत.

इथे दाद देणारा विद्यार्थी आहे आणि तीच सर्वांत खरी दाद, हे कथेचे बळ. पण तिची मर्यादाही इथेच आहे. शिष्याची कृतज्ञता तुटपुंज्या पगाराची भरपाई करते, असा सूर शेवटी निघतो. पंडितजींना समाधान मिळते, पण त्यांचा पगार वाढत नाही आणि तो कमी का, हे कोणाला विचारलेही जात नाही. आदराने पोट भरावे, ही अपेक्षा समाजाने पोलिसाकडून किंवा कारकुनाकडून कधी केली नाही. ती शिक्षकाकडूनच केली.

मध्य प्रदेशातील ‘गुरुजी’

पांढुर्णा-सौसर भागात, सावरगावसारख्या गावांत, घरी मराठी आणि कचेरीत हिंदी चालते. राज्याच्या शिक्षणधोरणातील प्रयोग या गावांच्या ओळखीचे आहेत. १९९७ साली मध्य प्रदेशात शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि ४० मुले (आदिवासी भागात २५) असतील, तर गावाने मागणी केल्यापासून ९० दिवसांत शाळा देण्याची हमी होती. शिकवणारा गावातलाच. त्याला नाव दिले ‘गुरुजी’ आणि सुरुवातीचे मानधन महिना ५०० रुपये.

या योजनेने वस्त्या-पाड्यांवर शाळा पोचली, हे श्रेय नाकारता येणार नाही. १९९८ साली तिला राष्ट्रकुल देशांच्या लोकप्रशासन संघटनेचा नवोपक्रम पुरस्कारही मिळाला. म्हणजे योजनेचा गौरव पुढच्याच वर्षी झाला. गुरुजींना मात्र पुढे पात्रता परीक्षा देऊन संविदा शिक्षक व्हावे लागले. पंचायतींनी नेमलेल्या शिक्षाकर्मींची वाटचालही अशीच लांबली : २००७ साली अध्यापक संवर्ग आणि २०१८ साली राज्याच्या शिक्षण सेवेत प्रवेश. ‘बोध’मधला आदर इथे सरकारी पदनामात उतरला, मान नावात राहिला, वेतनात आला नाही.

राष्ट्रीय पुरस्काराची रीत

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. २०१८ साली त्यांची रीत बदलली. आता शिक्षक स्वतः संगणकावर अर्ज भरतो, पुरावे जोडतो. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती गुण देऊन नावे वर पाठवते. वशिल्याला आळा बसावा हा हेतू योग्यच आहे. पण दोन गोष्टी खटकतात. एक, आपल्या कामाची साक्ष आपणच द्यायची. चंद्रधर असा अर्ज भरतील का? बनगरवाडीचा मास्तर तालमीचे छायाचित्र जोडील का? दुसरी अधिक गंभीर आहे. नियमानुसार कंत्राटी शिक्षक आणि शिक्षामित्र या पुरस्काराला पात्र नाहीत. जिथे शाळाच नव्हती तिथे ती उभी करणारा माणूस समर्पित असेल, पण शासनाने त्याला नियमित केले नाही, म्हणून शासन त्याचा गौरवही करू शकत नाही. न्याय नाकारला की कौतुकही आपोआप नाकारले जाते. ‘दाद’ शब्दाचे दोन अर्थ इथे पुन्हा एकत्र येतात, पण उलट्या अर्थाने.

निष्कर्ष

पुरस्कार बंद करावेत, असे म्हणण्याचा हेतू नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी वहिवाट पाडता येते. राष्ट्रीय नियम जिल्ह्याच्या हाती नाहीत. जिल्हा पातळीवरचा गौरव आहे. त्यात नाव सुचवण्याचा अधिकार पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना द्यावा. तात्पुरत्या नेमणुकीवरील शिक्षकांनाही पात्र धरावे. पटसंख्येचा आकडा पाहताना पट का घटला, याची नोंद घ्यावी. आणि ज्याचा गौरव करायचा त्याचे थकलेले वेतन आणि अडकलेला अर्ज त्याआधी मार्गी लावावा.

माडगूळकरांच्या मास्तरला गावाने ओळखले, पण कचेरीने नाही. प्रेमचंदांच्या पंडितजींना विद्यार्थ्याने ओळखले, पण सरकारने नाही. शाल आणि श्रीफळ देताना, समोरच्या माणसाचा एखादा अर्ज आपल्याच टेबलावर पडून तर नाही ना, एवढे प्रत्येक अधिकाऱ्याने पाहिले तरी हे अंतर पुष्कळ कमी होईल.