जाहिरातीत जे लिहावंच लागतं

मे १७९६. फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात जाहिरात येते: राष्ट्राध्यक्षांच्या घरातून ओनी जज नावाची मुलगी पळाली आहे. वय विसाच्या आसपास, चेहऱ्यावर बारीक ठिपके, डोळे काळेभोर, बांधा नाजूक, सोबत बरेच चांगले कपडे. शहरात किंवा बंदरात पकडून आणल्यास दहा डॉलर. राष्ट्राध्यक्ष म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. जाहिरात दिली होती त्यांच्या घरच्या कारभाऱ्याने.

पळून गेलेल्या गुलामांच्या अशा हजारो जाहिराती अमेरिकेत छापल्या गेल्या. आपल्याकडे 'हरवले आहेत'च्या रकान्यात 'घरी परत ये, कोणी रागावणार नाही' असं छापून यायचं, आठवतं ना? तसा सूर इथे शोधू नका. १८०४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनने (हेही पुढे राष्ट्राध्यक्ष!) पळालेल्याला शंभर फटके मारले तर दहा डॉलर जादा, अशी तीनशे फटक्यांपर्यंतची ऑफर छापली होती.

आता प्रश्न असा, की मालकाने लिहिलेल्या या मजकुरावर विश्वास किती ठेवायचा? 'सगळंच पक्षपाती' म्हणून फेकून देणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. कुठलंही उपकरण सगळीकडे सारखंच चुकत नाही. कुठे चुकतं ते कळलं, की उरलेली नोंद वापरता येते.

थॉमस जेफरसनची १७६९ ची जाहिरात घ्या. पळालेल्या सँडीला तो दारुडा, शिवराळ, लबाड म्हणतो. पण त्याच दमात सांगतो की सँडी चांभारकाम करतो, थोडंफार सुतारकामही येतं, डावखुरा आहे, घोडा घेऊन गेलाय. लबाड म्हणण्यात मालकाचा राग आहे. डावखुरा म्हणण्यात त्याचा नाइलाज आहे, कारण खोटं वर्णन दिलं तर माणूस सापडणार कसा? ज्या वाक्यावर मालकाचे पैसे लागलेत, ते वाक्य बहुधा खरं. आणि गंमत बघा, याच नाइलाजामुळे 'मालमत्ता' म्हणून ज्याची नोंद व्हायची, त्याला छापील मजकुरात हुन्नर मिळतो, बोलण्याची ढब मिळते.

फक्त एक गोष्ट मालक जवळजवळ कधीच नीट लिहीत नाही: का पळाला. ओनाच्या जाहिरातीत म्हटलंय की तिने पळावं असं काही घडलंच नव्हतं, तिचा हेतू काय ते कळत नाही.

इथे आपलं नशीब चांगलं. ओना पकडली गेली नाही. ती न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली आणि १८४० च्या दशकात तिच्या मुलाखती छापून आल्या. म्हणजे एकाच घटनेच्या दोन स्वतंत्र नोंदी, अशी संधी फार क्वचित मिळते. कारण सरळ होतं: व्हर्जिनियाला परत गेलं की सुटका नाही, हे तिला माहीत होतं, आणि मार्था वॉशिंग्टनच्या नातीला तिला देऊन टाकायचं ठरलं होतं. घरचे जेवायला बसले असताना ती निघाली. सामान आधीच कृष्णवर्णीय मित्रांकडे पोचवलेलं होतं. ठिपके, डोळे, कपडे यांची बारीक नोंद ठेवणाऱ्या घराला हे दिसलंच नाही.

कॉर्नेल विद्यापीठाच्या 'फ्रीडम ऑन द मूव्ह' प्रकल्पात स्वयंसेवक अशा जाहिराती वाचून त्यातली माहिती भरतात. काम मोलाचं आहे, यात वाद नाही. पण वय, बांधा, बक्षीस, व्रण असे रकाने करून मोजायला बसलं, की आपणही मालकाच्याच नजरेने मोजतो, ही माझी तक्रार आहे. शिवाय जाहिरात सगळ्यांची निघत नसे. जो दोन दिवसांत पकडला गेला, किंवा ज्याच्यासाठी खर्च करावा असं मालकाला वाटलं नाही, तो या आकड्यांत नाहीच.

जाहिरातीत जहाजांच्या कप्तानांनाही ताकीद होती, की हिला चढवून घेऊ नका. ओना जहाजानेच गेली. कप्तानाचं नाव जॉन बोल्स, पण तो मरेपर्यंत तिने ते कुणाला सांगितलं नाही.