पाटी त्यांची, आवड तिची

आमच्या दारावर पाटी माझी. पडद्यांपासून मखरापर्यंत निवड हिची. हे मी कबूल केले ते चंद्रपूरला, अचलेश्वराजवळच्या गोंड राजांच्या समाध्यांपाशी. कलाप्रेमी राणी म्हटली की पुस्तकवाल्यांना आठवते इटलीतली इझाबेला देस्ते (१४७४–१५३९). तिने लिओनार्दोचा पिच्छा पुरवला. चित्र राहिलेच, उरले एक रेखाटन. आमच्या राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी पती बीरशाहाची दगडी समाधी पुरी करून दाखवली, महाकालीचे देऊळही बांधले. त्या आवारात नजर ठरते ती याच समाधीवर. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ही बीरशाहाची हं!" मी म्हटले, "अहो, ते आत निजलेत. बाहेरचे सगळे हिराईचे!" हिने वळून पाहिले. त्या संध्याकाळी न मागता दुसरा चहा मिळाला.